न्यायाची पहिली पायरी : विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि विनामूल्य सल्ला

(ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक व्याख्यानमालेतील भाषण)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. या म्हणीत अनुभवाचे सार आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तारखांमागून तारखा घालण्यात आयुष्य गेलेले, जमिनीच्या तुकड्यासाठी जमीन गमावलेले लोक प्रत्येक गावात होऊन गेले. परंतु या म्हणीची एक बाजू सहसा पाहिली जात नाही. कोर्टाची पायरी न चढण्याचा शहाणपणा ज्याला परवडतो, त्याच्यासाठीच ती म्हण आहे. ज्याची मजुरी बुडाली, ज्याचे बोट यंत्रात गेले, जिला नवऱ्याने टाकले, त्याला वा तिला ती पायरी टाळणे म्हणजे आपला हक्कच सोडून देणे असते. आणि पायरी चढावी की चढू नये हे ठरविण्यासाठीसुद्धा कोणा जाणकाराला विचारावे लागते. त्या विचारण्यालाच पैसे पडत असतील, तर गरिबाचा प्रश्न विचारण्यापूर्वीच निकालात निघतो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचे आधारस्तंभ गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका हे व्यवसायाने वकील होते. त्यांच्या आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने त्या दशकात लवाद कोर्टांची चळवळ उभी राहिली. लोकांनी आपले तंटे थोड्या खर्चात, आपल्या भाषेत, आपल्या माणसांसमोर मिटवावेत हा तिचा हेतू होता. कायदा जाणणाऱ्याने आपली विद्या न जाणणाऱ्याच्या दारी नेली पाहिजे, हा त्या चळवळीचा गाभा. आजच्या विषयाचाही गाभा तोच आहे. फरक इतकाच, की आज ही विद्या दारी नेण्याचे काम अद्याप वकील न झालेल्या, विधी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींकडून, त्यांच्या अध्यापकांच्या देखरेखीखाली करून घ्यावे, असा विचार मांडला जातो.

हा विचार हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवू. सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना सोडून सचिनकडे जाऊ लागली, की मध्ये भेस्तान लागते. शेजारी पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत, आसपास यंत्रमागांची खाती, कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतून आलेली हजारो मराठी कुटुंबे वसली आहेत. सुरत आणि खानदेश यांना जोडणारी तापी खोऱ्याची रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली आणि त्या रुळांवरून माणसे पोटामागे येत राहिली. त्यांच्या घरात अहिराणी आहे, मुलांच्या पाटीवर मराठी आहे, कारखान्यात गुजराती आणि हिंदी आहे. सुरतेच्या महानगरपालिकेने मराठी माध्यमाच्या शाळाही चालविल्या, ही त्या नगरीच्या मोठ्या मनाची साक्ष होय.

या वस्तीतील एक कुटुंब कल्पनेने समोर आणावे. घरचा कर्ता माणूस छपाईच्या कारखान्यात कामाला. रुळात हात सापडून त्याची दोन बोटे गेली. शेठने दवाखान्याचा खर्च केला, वर थोडी रक्कम हातावर ठेवली आणि एका कागदावर अंगठा घेतला. घरची बाई ज्या भूखंडावर राहते त्याचा कागद म्हणजे नोटरीसमोर केलेले एक सौदापत्र. तिची धाकटी बहीण सासरहून, नंदुरबारकडून, दोन मुलांसह परत आलेली. भाऊ एका मित्राच्या कर्जाला धनादेश देऊन बसलेला, आणि त्या धनादेशाबद्दल गुजरातीत टंकलिखित केलेली एक नोटीस दाराच्या वळचणीला खोचलेली. चार माणसे, चार कागद. यांपैकी एकालाही खून-दरोड्याचा मामला म्हणता येणार नाही. वर्तमानपत्रात यांची एक ओळ येणार नाही. पण या चार कागदांवर एका घराचे भवितव्य टांगलेले आहे.

कायद्याच्या व्यवहारात सर्वांत निर्दय गोष्ट असेल तर ती मुदत होय. न्यायाधीश दया दाखवू शकतो, मुदत सहसा दाखवीत नाही. धनादेश न वटल्याची नोटीस हाती पडल्यावर रक्कम देण्यास पंधरा दिवस मिळतात. ते उलटले की फौजदारी तक्रारीचा मार्ग मोकळा होतो. ती नोटीस वळचणीलाच राहिली, तर पंधरा दिवस कोणाची वाट पाहत नाहीत. कामावरील अपघाताच्या भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. बुडालेल्या मजुरीची गोष्ट तर अधिक बोधप्रद आहे. किमान वेतनाच्या जुन्या कायद्याखाली सहा महिन्यांत आणि वेतन प्रदानाच्या जुन्या कायद्याखाली बारा महिन्यांत अर्ज करावा लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अंमलात आल्या आणि वेतन संहितेने ही मुदत तीन वर्षांची केली. म्हणजे कायदा कामगाराच्या बाजूने बदलला; पण तो बदलल्याचे त्याला सांगणार कोण? औषध निघाले आहे, रोगी त्याच गावात आहे, आणि दोघांची गाठ घालून देणारा कोणी नाही, अशी ही अवस्था आहे.

ही गाठ घालून देण्याची जबाबदारी राज्याची आहे, हे तत्त्व मान्य व्हावयास आपल्या देशात बराच काळ लागला. मुंबई राज्याने १९४९ साली न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांच्या विधी सहाय्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली. त्या वेळी सुरत मुंबई राज्यातच होती, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे १९७० साली गुजरात सरकारने अशीच समिती नेमली, तेव्हा तिचे अध्यक्षपद राज्याचे मुख्य न्यायाधीश पी. एन. भगवती यांच्याकडे आले. ते पहिल्या समितीच्या अध्यक्षांचे पुत्र. पित्याने हाती घेतलेला प्रश्न पुत्राने पुढे चालविला, असे उदाहरण न्यायाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. १९७३ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीचा अहवाल आला. १९७७ साली या दोघा न्यायमूर्तींनी मिळून आणखी एक अहवाल दिला. दरम्यान १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ घटनेत आला आणि आर्थिक वा अन्य दुर्बलतेमुळे कोणी न्यायास मुकू नये, हे राज्याचे कर्तव्य ठरले.

न्यायालयांनी या तत्त्वात प्राण भरला. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बंद्याला निकालपत्राची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही मिळाला पाहिजे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या दुःस्थितीबद्दल लिहिलेल्या पत्रातून १९८३ चा महत्त्वाचा निर्णय निघाला. त्यात निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कोठड्या पाहून अहवाल देण्यास सांगितले गेले होते. शिक्षणसंस्था न्यायाच्या कामाला कशी लागते, याचे हे सुंदर उदाहरण. विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ साली झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात कोणास विनामूल्य साहाय्य मिळेल याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, बालके, अपंग, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले, कोठडीतील व्यक्ती, आणि औद्योगिक कामगार. स्त्री आणि कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. भेस्तानच्या त्या घरातील बोटे गमावलेला माणूस आणि माहेरी आलेली बहीण ही दोघेही या यादीत बसतात. आपण त्या यादीत आहोत, एवढेच त्यांना ठाऊक नाही.

आता विद्यार्थ्यांकडे वळू. अमेरिकेत १८७६ साली न्यूयॉर्कला जर्मन स्थलांतरितांच्या मदतीसाठी विधी सहाय्याची एक संस्था निघाली. परक्या मुलखात, परक्या भाषेत फसविल्या जाणाऱ्या कष्टकऱ्यांसाठी ती होती. भेस्तानची आठवण यावी असाच तो प्रसंग. पुढे १९०४ साली डेन्व्हर विद्यापीठाने विद्यार्थ्यांकरवी गरिबांना सल्ला देणारे केंद्र काढले आणि त्याला नाव दिले डिस्पेन्सरी, म्हणजे दवाखाना. हे नाव फार अर्थपूर्ण आहे. वैद्यकाचा विद्यार्थी केवळ पुस्तक वाचून डॉक्टर होत नाही. तो रुग्णाच्या खाटेशी उभा राहतो, नाडी पाहतो, विचारपूस करतो. औषध मात्र वरिष्ठाच्या सहीने दिले जाते. यात रुग्णाचा लाभ आहे आणि विद्यार्थ्याचाही. वकिलीचा विद्यार्थी मात्र अशिलाचे तोंड न पाहता पदवीधर होऊ शकत असे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक विधी महाविद्यालयाने ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून, विधी सेवा प्राधिकरणाच्या सहकार्याने असे केंद्र चालवावे असे सांगितले. १९८७ च्या कायद्यातही अशा केंद्रांना उत्तेजन देणे हे राष्ट्रीय प्राधिकरणाचे काम म्हणून नोंदले आहे.

चांगले केंद्र कसे चालते, हे थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. माणूस आत येतो तेव्हा तो कायद्याचा प्रश्न घेऊन येत नाही. तो आपली कहाणी घेऊन येतो. त्या कहाणीत मेव्हण्याचा अपमान असतो, देवाची शपथ असते, दहा वर्षांपूर्वीचा उसना पैसा असतो. विद्यार्थ्याचे पहिले काम ऐकण्याचे. मध्ये न तोडता ऐकायचे आणि मग हलक्या हाताने तारखा विचारायच्या : अपघात कोणत्या दिवशी झाला, हजेरी कोण लिहीत असे, पगार हाती मिळे की बँकेत, कागदावर अंगठा घेतला तेव्हा तो कोणी वाचून दाखविला होता काय? दुसरे काम कागद पाहण्याचे. दवाखान्याचा केसपेपर, ओळखपत्र, बँकेचे पुस्तक, सोबतच्या कारागिरांची नावे. दोन विद्यार्थी बसलेले बरे; एकाने विचारावे, दुसऱ्याने लिहावे. लिहिलेले शेवटी वाचून दाखवावे, आणि सांगणाऱ्याने होय म्हटल्यावरच वही मिटावी.

त्या दिवशी सल्ला द्यायचा नाही, हा या कामातला सर्वांत कठीण नियम आहे. तरुण मनाला उत्तर देण्याची घाई असते. पण विद्यार्थ्याने टिपण तयार करावयाचे, कायदा शोधावयाचा, अध्यापकापुढे ठेवावयाचे. अध्यापकाने त्यातील चुका दाखवावयाच्या. आणि मग दुसऱ्या भेटीत, साध्या भाषेत, शक्य तर लेखी, सल्ला द्यावयाचा. मुदत उद्याच संपत असेल, तर मात्र त्याच घटकेला वरिष्ठाला गाठावयाचे. कोणते काम तातडीचे हे ओळखणे, यासाठीच देखरेख असते. सांगितलेली गोष्ट बाहेर जाणार नाही, ही शाश्वती पहिल्याच भेटीत दिली पाहिजे. वस्ती लहान असते; शेठचा मुकादमही तेथेच राहतो.

आपल्या कल्पनेतल्या घराला असे केंद्र काय सांगेल? कामगाराला सांगेल, की अंगठा दिल्याने सर्व संपले असे समजू नका. भरपाईचे मान कायद्याने ठरविलेले असते आणि सक्षम अधिकाऱ्याकडे दावा करता येतो, मात्र दोन वर्षांच्या आत. भूखंडवालीला सांगेल, की शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री १९०८ च्या कायद्याप्रमाणे नोंदविलेल्या दस्तानेच होते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. म्हणून उरलेले पैसे देण्यापूर्वी मूळ मालकी तपासून घ्या. भावाला सांगेल, की पाकीट उघडा, तारीख पाहा आणि आजच वकिलाकडे चला.

आणि बहिणीला जे सांगेल ते दोन राज्यांत विभागलेल्या आपल्या समाजाला विशेष मोलाचे आहे. तिची समजूत अशी, की लग्न नंदुरबारला झाले, नवरा तेथे, म्हणजे दावाही तेथेच. आणि तेथे जाऊन तारखा करणे म्हणजे मजुरी बुडविणे. वस्तुतः पोटगीचा अर्ज पत्नी जेथे राहते त्या जिल्ह्यातही करता येतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली होत असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली होतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याखाली ती तात्पुरती जेथे राहते तेथील न्यायालयही चालते. २००३ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यानेही अर्जदार पत्नीला ती राहते तेथे दाद मागण्याची सोय दिली. एवढी एक गोष्ट कळली, तर तिच्यापुढचा डोंगर अर्धा होतो.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. गुजरातच्या जिल्हा व तालुका न्यायालयांचे काम गुजरातीतून चालते, आणि ते योग्यच आहे. तेथील जनतेची ती भाषा आहे. पण समन्स, फिर्यादीची प्रत, जबाब हे सारे गुजरातीत असते आणि आपला माणूस ते बोलतो, समजतो, परंतु वाचू शकेलच असे नाही. न वाचता केलेली सही हे आपल्या समाजाच्या अनेक दुःखांचे मूळ आहे. सुरतेत वाढलेली, घरी अहिराणी-मराठी आणि महाविद्यालयात गुजराती-इंग्रजी असणारी मराठी मुले-मुली कायद्याच्या वर्गात बसली, तर ती या दोन काठांमधला पूल होऊ शकतात. फिर्याद देणाऱ्याला तिची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे, हे सांगणेही उपकारक आहे. पण ती प्रत त्याला त्याच्या बोलीत समजावून सांगणे हे त्याहून मोठे काम आहे. याच भाषेचे हे एक पुण्यकर्म होय.

या योजनेवर आक्षेप आहेत आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा, की गरिबांवर शिकाऊ हात का चालवावेत? धनवानाला निष्णात वकील आणि गरिबाला विद्यार्थी, ही वाटणी न्याय्य कशी? याचे उत्तर देखरेखीच्या खरेपणात आहे. अध्यापक नावापुरता असेल, तर आक्षेप शंभर टक्के खरा. तो प्रत्येक टिपण वाचणारा असेल, तर अशिलाला एकाऐवजी तीन डोकी मिळतात आणि घाईच्या वकिलाजवळ नसलेला वेळही मिळतो.

दुसरी अडचण कायद्याचीच आहे. १९६१ च्या वकील अधिनियमाप्रमाणे न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार सनदधारक वकिलाचा, विद्यार्थ्याचा नाही. आणि पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्यालाही वकिली करता येत नसल्याने महाविद्यालयातील पूर्णवेळ अध्यापकही तेथे उभा राहू शकत नाही. वैद्यक महाविद्यालयातील प्राध्यापक स्वतः शस्त्रक्रिया करतो. विधी महाविद्यालयातील प्राध्यापकाला मात्र कोर्टाच्या दारातून परतावे लागते. १९७९ च्या नियमांनी वकिलाला दिवसाचे तीन तासांपर्यंत अध्यापन करण्याची मुभा दिली आहे. असा अर्धवेळ अध्यापक-वकील या केंद्राचा खरा आधार होऊ शकतो. एरवी केंद्राने सल्ला, अर्ज, पत्रव्यवहार येथवर थांबावे आणि पुढील काम तालुका समितीकडे वा जिल्हा प्राधिकरणाकडे, नावानिशी आणि कागदांसह, सोपवावे. नुसते तिकडे जा असे सांगणे म्हणजे सोपविणे नव्हे.

तिसरी गोष्ट सातत्याची. परीक्षा आल्या की केंद्र ओस, सुट्ट्या लागल्या की कुलूप, आणि पुढच्या वर्षी नव्या मुलांपुढे जुन्या माणसाने आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायची. तपासणीच्या वेळी फलक लावायचा आणि एरवी तो कपाटामागे ठेवायचा, अशी केंद्रेही असू शकतात. १९९५ साली मनुभाई वाशी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला मान्यताप्राप्त खासगी विधी महाविद्यालयांना अनुदान देण्याचे बंधन घालताना त्याचा संबंध अनुच्छेद ३९-अ शी जोडला. वकील नीट घडले नाहीत तर गरिबाला साहाय्य कोण देणार, असा त्यामागचा विचार. त्या विचाराचे ऋण महाविद्यालयांनी फेडावयाचे असेल, तर ते फलकाने फिटणार नाही.

शेवटचा मुद्दा, नाही म्हणण्याचा. खानदेशातून आलेल्या अनेक कुटुंबांची जात वा जमात महाराष्ट्राच्या यादीत आहे. मुलाला गुजरातेत त्या आधारावर सवलत मिळेल काय, असे बाप विचारतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मारी चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात दिलेल्या निर्णयाप्रमाणे स्थलांतराबरोबर ही सवलत दुसऱ्या राज्यात जात नाही. ही गोष्ट त्याला सांगताना जीभ जड होते. पण खोटी आशा लावून दलालाच्या हाती देण्यापेक्षा आदराने सांगितलेले नाही हे अधिक मोठे साहाय्य आहे. तडजोडीचेही तसेच. गुजरातने या बाबतीत देशाला वाट दाखविली. हरिवल्लभ परीख यांनी १९४९ पासून रंगपूरच्या आश्रमात आदिवासींचे तंटे लोकांसमोर मिटविले, आणि मार्च १९८२ मध्ये त्या वेळच्या जुनागढ जिल्ह्यातील ऊना येथे लोकअदालत भरली. परंतु आजच्या लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून तेथे सही करण्यापूर्वी आपण काय सोडीत आहोत आणि काय मिळवीत आहोत, हे समजावून सांगणारा कोणी शेजारी असणे अगत्याचे आहे.

या सर्वांचा ग्रंथालयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. विनामूल्य वाचनकक्ष उघडणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : ज्ञान हे ज्याला विकत घेता येत नाही त्याचेही आहे. शंभर वर्षे ज्या मेजावर वर्तमानपत्र कोणालाही, काही न विचारता, उलगडून वाचता आले, त्याच मेजाशी महिन्यातून एखाद्या रविवारी एक अध्यापक आणि चार विद्यार्थी बसले, तर ग्रंथालयाच्या मूळ संकल्पाला ते धरूनच होईल. कारखान्याच्या सुट्टीचा दिवस पाहावा. न्यायालयाच्या इमारतीत पाऊल टाकण्यास बिचकणारा माणूस ग्रंथालयात बिचकत नाही. कपाटात घटनेची मराठी प्रत असावी, नव्या संहितांची मराठी व गुजराती भाषांतरे असावीत, आणि दाराशी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेला असावा. यासाठी फार द्रव्य लागत नाही. लागते ते सातत्य, आणि शतक पाहिलेल्या संस्थेला सातत्य शिकविण्याची गरज नाही.

भेस्तानच्या त्या घरात अजून ती नोटीस वळचणीला खोचलेली आहे. ती कोणीतरी काढून, उघडून, वाचून दाखवावी एवढीच अपेक्षा आहे. वाचून दाखविणे हेच तर ग्रंथालयाचे काम.